छोट्या निवाऱ्यांच्या वस्त्या आणि पक्क्या घराकडची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आधी एक छोटी केबिन द्यायची आणि तिथून त्याला पक्क्या घरापर्यंत पोचवायचं, ही कल्पना प्रामुख्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढली. आता कॅनडा आणि स्कॉटलंडमध्येही अशा वस्त्या आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री केलेल्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर आढळली, म्हणजे हा विषय पाच-पन्नास केबिनपुरता नाही. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

अशी वस्ती म्हणजे नेमकं काय असतं?

वापरात नसलेला सरकारी प्लॉट किंवा एखाद्या चर्चची मोकळी जागा मिळवून तिथे साधारण पंधरा-वीसपासून साठ-सत्तरपर्यंत केबिन उभ्या केल्या जातात. एका केबिनमध्ये एक माणूस किंवा एक जोडपं राहतं. दाराला कुलूप असतं, आत वीज आणि हीटर असतो. संडास, अंघोळीची सोय, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची मशीन बहुधा सामाईक. भोवती कुंपण असतं आणि बहुतेक ठिकाणी फाटकावर दिवसरात्र कुणीतरी असतं.

शिवाय एक ऑफिस असतं. तिथे केस मॅनेजर बसतो, म्हणजे एकेका रहिवाशाची कागदपत्रं, औषधोपचार, उत्पन्न आणि घराचा शोध यांचा पाठपुरावा करणारा कार्यकर्ता. हे ऑफिस नसेल तर त्या जागेला मी वस्ती म्हणणार नाही, ती केबिनची रांग झाली.

केबिन आतून कशी असते?

दोन प्रकार जास्त दिसतात. एक कारखान्यात तयार होणारी. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट शहरातली पॅलेट नावाची कंपनी यासाठी ओळखली जाते. भिंती आणि छप्पर सपाट पॅनेलच्या रूपात ट्रकवरून येतात आणि जागेवर तासाभरात जोडून होतात. यातली अनेक वस्त्यांमध्ये दिसणारी केबिन ८ बाय ८ फुटांची, म्हणजे ६४ चौरस फूट. दुसरा प्रकार लाकडी. सिअॅटलमध्ये ८ बाय १२ फुटांची छोटी घरं स्वयंसेवक आणि सुतारकाम शिकणारे विद्यार्थी बांधतात. १२० चौरस फुटांच्या आतल्या बांधकामाला तिथे राहत्या घराचे सगळे बांधकाम नियम लागू होत नाहीत, त्यामुळे परवानगी लवकर मिळते.

८ बाय ८ मध्ये भिंतीलगत पलंग टाकला की उभं राहून कपडे बदलण्यापुरती आणि सायकल आत घेण्यापुरती जागा उरते. डोक्यावर धूर ओळखणारा अलार्म, दाराजवळ आग विझवायचा सिलिंडर, फोन चार्ज करायला सॉकेट, एक-दोन फळ्या. पलंगाखाली सामान. दोन माणसांसाठी समोरासमोर दोन पलंग लावले तर मध्ये एक बोळ राहतो. अनोळखी दोघांना असं ठेवलं तर कुरबुरी होतातच. जिथे शक्य आहे तिथे एका केबिनमध्ये एकच माणूस असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहरात मोठी निवारागृहं असताना लोक तिथे का जात नाहीत?

हा प्रश्न बहुतेक वेळा नाराजीच्या सुरात येतो: सोय आहे तरी हे लोक फुटपाथवरच का? त्या निवारागृहात एक रात्र काढायची म्हणजे काय, ते बघितलं तर उत्तर मिळतं. अनेक ठिकाणी संध्याकाळी रांग लावावी लागते, सकाळी सामानासकट बाहेर पडावं लागतं आणि संध्याकाळी पुन्हा रांग. एका हॉलमध्ये डझनावारी खाटा. कुणी खोकतंय, कुणी रात्रभर बडबडतंय. चपला उशाशी ठेवून झोपायचं. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, म्हणजे नवरा-बायकोची ताटातूट. सामान दोन पिशव्यांपुरतंच. कुत्र्याला बहुधा परवानगी नाही. आणि ज्याला रात्रपाळीचं काम मिळालंय, त्याने संध्याकाळी सहाला रांगेत उभं कसं राहायचं?

जोडीदार, जनावर आणि सामान ही नकारामागची तीन नेहमीची कारणं. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ती पाठ असतात. रस्त्यावर ज्या कुत्र्याने वर्षानुवर्षं राखण केली, त्याला सोडून ये म्हटलं की माणूस येत नाही. हिंसा सोसलेल्या बाईला अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये झोप लागत नाही. केबिनच्या वस्तीत या बहुतेक अडचणी दूर होतात, म्हणून वर्षानुवर्षं निवारागृह नाकारणारी माणसंही तिथे यायला तयार होतात.

कुलूप लागणाऱ्या दाराने एवढा काय फरक पडतो?

माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं मर्म इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

अमेरिकेत भाड्याचं घर किंवा सरकारी मदत मिळवायची तर ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि बऱ्याचदा जन्मदाखला लागतो. तंबूत राहणाऱ्याकडे हे कागद असले तरी टिकत नाहीत. पावसात भिजतात, चोरीला जातात, किंवा महापालिकेची गाडी येऊन तंबू उचलते तेव्हा त्याबरोबर जातात. मग पुन्हा सुरुवात. जन्मदाखला दुसऱ्या राज्यातून मागवायचा तर ओळखपत्र दाखवा, ओळखपत्र हवं तर जन्मदाखला आणा. दाखला टपालाने येणार, पण पत्ता कोणता द्यायचा? घराच्या यादीत नंबर लागला की फोन येतो, पण फोन चार्ज नसतो किंवा हरवलेला असतो. कार्यकर्ता त्या पुलाखाली शोधायला जातो तोवर तंबू तिथून हललेला असतो. नंबर पुढच्याला जातो.

केबिन मिळाली की हे रहाटगाडगं थांबतं. माणूस कुठे आहे ते ठाऊक असतं. पत्र येतं, फोन चार्ज होतो. इन्सुलिन सामाईक फ्रिजमध्ये ठेवता येतं. कागद पलंगाखालच्या डब्यात राहतात आणि दार ओढून घेऊन डॉक्टरकडे, कोर्टात किंवा नोकरीच्या मुलाखतीला जाता येतं. तंबू सोडून जाणं म्हणजे आहे-नाही ते सगळं उघड्यावर टाकून जाणं, हे घरात राहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्यात झोपेचाही मोठा भाग आहे. नवीन आलेली माणसं सुरुवातीचे दिवस नुसती झोपून काढतात, असं वस्त्यांमधले कार्यकर्ते सांगतात. कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत फॉर्म पुढे करू नयेत.

हे सुरू कुठून झालं?

बेघरांनीच सुरू केलं. ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये २००० सालच्या हिवाळ्यात काही जणांनी एकत्र तंबू ठोकले. तिथून डिग्निटी व्हिलेज उभं राहिलं आणि २००१ मध्ये त्याला विमानतळाजवळ शहराच्या मालकीच्या जागेवर आसरा मिळाला. तंबूंच्या जागी हळूहळू लाकडी खोल्या आल्या. वस्तीचे नियम आणि कारभार रहिवाशांच्याच हाती. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियात २००७ मध्ये एका पार्किंगमध्ये सुरू झालेला तंबूंचा तळ जवळजवळ सात वर्षं एका चर्चच्या आवारातून दुसऱ्या चर्चच्या आवारात फिरत राहिला. २०१३ च्या डिसेंबरात तिथली माणसं ३० छोट्या घरांच्या क्विक्सोट व्हिलेजमध्ये राहायला गेली. त्याच वर्षी ओरेगनमधल्या युजीनमध्ये ऑपॉर्च्युनिटी व्हिलेज सुरू झालं. सिअॅटलने २०१५ मध्ये बेघरपणाबाबत आणीबाणी जाहीर केली आणि त्यानंतर तिथे या वस्त्या वाढत गेल्या.

शहरांनी आखून, कंत्राट देऊन उभारलेल्या वस्त्या बऱ्याच उशिरा आल्या. लॉस एंजेलिसमधली पहिली, नॉर्थ हॉलिवूड भागातली, फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली.

या वस्त्या तात्पुरत्या की कायमच्या?

दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. क्विक्सोट व्हिलेजमधलं प्रत्येक घर १४४ चौरस फुटांचं असून त्याला स्वतःचा संडास आहे. रहिवासी उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं देतात आणि हवं तितकं राहतात. टेक्ससमधल्या ऑस्टिनजवळचं कम्युनिटी फर्स्ट व्हिलेजही कायमच्या मुक्कामासाठी आहे. ही घरंच आहेत, फक्त लहान.

६४ चौरस फुटांची, संडास बाहेर असलेली केबिन हे घर नाही. सरकारी व्याख्येतही तिथे राहणारा माणूस ‘निवाऱ्यातला बेघर’ म्हणूनच मोजला जातो, आणि ते योग्यच आहे. एडिंबरातल्या सोशल बाइट व्हिलेजसारख्या ठिकाणी मुक्काम ठरावीक काळाचा असतो आणि पुढच्या घराची तयारी पहिल्यापासून चालते. या पानावरचे बाकीचे प्रश्न तात्पुरत्या वस्त्यांबद्दल आहेत.

केबिनमधून पक्क्या घरात माणूस पोचतो कसा?

अमेरिकेत मुख्य वाटा तीन आहेत. पहिली, भाड्याचं व्हाउचर. भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं भाडं सरकार घरमालकाला देतं. दुसरी, थोड्या काळाची मदत: डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं भरलं जातं, तोवर माणसाने कमाईवर उभं राहायचं. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे त्याला ही पुरते. तिसरी, आधारासह कायमचं घर, जिथे भाड्याच्या मदतीबरोबर मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, औषधं यांचा आधारही चालू राहतो. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या, आजारी माणसांसाठी ही.

कुणाला काय मिळणार ते त्या भागाच्या सामाईक यादीवरून ठरतं. गरज जितकी गंभीर तितका नंबर वर. इथे एक खाच आहे, ती वस्ती चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायलाच हवी. दीर्घकाळ बेघर, म्हणजे अपंगत्व किंवा गंभीर आजार असून सलग १२ महिने किंवा तीन वर्षांत चार वेळा मिळून १२ महिने बेघर, अशा माणसांसाठी काही घरं राखीव असतात. वस्तीची कागदोपत्री नोंद ‘आपत्कालीन निवारा’ अशी असेल तर तिथले दिवस या हिशेबात धरले जातात. नोंद ‘संक्रमण निवास’ अशी असेल तर धरले जात नाहीत. केबिन तीच, पलंग तोच, पण फॉर्मवरच्या एका शब्दामुळे माणसाचा हक्क जाऊ शकतो.

किती दिवस राहता येतं?

वस्तीगणिक वेगळं. काही ठिकाणी सहा महिन्यांची मुदत असते आणि ती वाढवता येते, काही ठिकाणी मुदतच नसते. मुदत संपली म्हणून माणसाला पुन्हा रस्त्यावर पाठवणं म्हणजे आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी टाकणं. मुक्काम लांबतो तो बहुतेक वेळा माणसाच्या आळसामुळे नाही. अमेरिकेत भाड्याच्या सरकारी मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. व्हाउचर हातात आलं तरी ते घेणारा घरमालक मिळेलच असं नाही. पुढची दारं बंद असली की केबिन रिकामी होत नाही, आणि ती रिकामी होत नाही म्हणून तंबूतला पुढचा माणूस आत येत नाही.

दारू आणि ड्रग्जचं काय?

डिग्निटी व्हिलेजने सुरुवातीपासून आवारात दारू आणि ड्रग्जना मनाई केली. तो रहिवाशांचा स्वतःचा निर्णय होता. उलट अनेक नव्या वस्त्यांमध्ये प्रवेशासाठी व्यसनमुक्त असण्याची अट नसते. वागणुकीचे नियम असतात: मारहाण नको, चोरी नको, सामाईक जागेत नशा नको.

मला दुसरी पद्धत पटते, कारण ज्याला आधाराची गरज सगळ्यात जास्त, तोच पहिल्या पद्धतीत दाराबाहेर राहतो. पण व्यसनातून नुकतंच बाहेर पडलेल्या माणसाला शेजारच्या केबिनमध्ये चाललेलं सेवन जड जातं, हेही खरं आहे. शहरात दोन्ही प्रकारच्या वस्त्या असाव्यात आणि निवड माणसाच्या हाती असावी. ड्रग्जचा ओव्हरडोस झाल्यास जीव वाचवणारं नालोक्सोन मात्र दोन्हीकडे हाताशी हवंच. बंद दाराआड एकटा माणूस बेशुद्ध पडला तर कुणाला कळत नाही, हा केबिनचा खरा धोका आहे. ठरावीक वेळाने दार वाजवून विचारपूस करण्याचा नियम त्यासाठीच असतो.

एका केबिनचा खर्च किती?

केबिनची किंमत आणि वस्तीची किंमत वेगळ्या. नॉर्थ हॉलिवूडच्या वस्तीत ३९ केबिन होत्या. नुसत्या केबिनची किंमत १० हजार डॉलरच्या आत होती, पण शहराचा सगळा खर्च धरला तेव्हा केबिनमागे सरासरी १ लाख ३० हजार डॉलर पडल्याची बातमी आली आणि गदारोळ झाला. पैसा गेला जमीन सपाट करण्यात, काँक्रीटच्या चौथऱ्यांत, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या लाइनमध्ये. जिथे या लाइन आधीच असतात आणि स्वयंसेवक राबतात, तिथे आकडा खूप खाली येतो. म्हणून कुणी ‘एका केबिनला इतके इतके’ म्हटलं की त्यात जमिनीखालचं काम धरलंय का, ते विचारावं.

खेरीज दरवर्षीचा खर्च असतो: कर्मचारी, जेवण, राखण, दुरुस्ती. फीत कापताना त्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि पैसे कमी पडले की कात्री पहिली केस मॅनेजरच्या पगाराला लागते.

मग हाच पैसा थेट घरांवर का खर्च करत नाहीत?

रास्त प्रश्न आहे. ‘आधी घर’ ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून वापरात आहे: कसलीही अट न घालता थेट घर द्यायचं आणि आधार त्यानंतर. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे २,००० माणसांवर तिचा रीतसर प्रयोग केला. थेट घर मिळालेली माणसं नेहमीच्या सेवा मिळणाऱ्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त प्रमाणात घरात टिकली. फिनलंडने २००८ पासून राष्ट्रीय धोरण म्हणून हेच केलं. जुनी निवारागृहं बंद करून त्या इमारतींचे स्वतंत्र फ्लॅट केले, आणि तिथला बेघरपणा पुढे वर्षानुवर्षं कमी होत गेला.

म्हणजे घर देता येत असेल तर घरच द्यावं, केबिनचा वळसा घेऊ नये. पण इमारत उभी राहायला वर्षं लागतात आणि वस्ती काही महिन्यांत उभी राहते. या मधल्या काळात माणसं उघड्यावर मरतात. केबिन त्या मधल्या काळासाठी आहे. एखादं शहर केबिन उभारून घरांची योजना गुंडाळून ठेवत असेल, तर त्याला विरोध करायला हवा, आणि तो केबिनच्या समर्थकांनी सगळ्यात आधी करायला हवा.

जवळपासचे लोक विरोध करतात, त्यांची समजूत कशी काढायची?

पोर्टलंडच्या केंटन भागाचं उदाहरण बघा. २०१७ मध्ये तिथे फक्त बायकांसाठी १४ केबिनची वस्ती प्रस्तावित होती. रहिवासी संघाने बैठका घेतल्या, शंका ऐकून घेतल्या, चक्क मतदान घेतलं आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर झाला. मुदत ठरवून दिली होती, संख्या मर्यादित होती, तक्रार आली तर कुणाशी बोलायचं ते ठरलं होतं. पुढे ती जागा सोडायची वेळ आली तेव्हा वस्ती त्याच भागात दुसरीकडे हलली.

कचरा, गोंगाट, चोऱ्या यांची भीती वाटणाऱ्याला निर्दय ठरवून काही साधत नाही. फाटकावर रात्री कोण असेल आणि कुंपणाबाहेरचा रस्ता कोण झाडेल याची उत्तरं त्याला द्यावी लागतात.

जायचं नसेल तर सक्ती करता येते का?

२०१८ च्या मार्टिन विरुद्ध बॉयसी निकालाने पश्चिमेकडच्या राज्यांत एक बंधन आलं होतं: निवाऱ्यात जागा नसेल तर उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे बंधन काढून टाकलं. आता जागा असो वा नसो, शहरं सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यावर कारवाई करू शकतात. ‘केबिन घे, नाहीतर दंड भर’ असं म्हणायला मोकळीक मिळाली आहे. यात वस्तीवरचा विश्वासच जातो. पोलिसांच्या धाकाने आलेला माणूस केस मॅनेजरलाही पोलिसच समजतो.

मुलं असलेल्या कुटुंबांना इथे ठेवतात का?

काही वस्त्यांमध्ये ठेवतात, जोडून दोन केबिन देतात. पण रात्री लेकराला संडासला बाहेर न्यायचं, अभ्यासाला टेबल नाही. कुटुंबांसाठी भाड्याचा फ्लॅट किंवा मोटेलची खोली बरी.

आग आणि हवामानापासून कितपत सुरक्षित?

दोन केबिनमध्ये साधारण १० फुटांचं अंतर सोडतात, आत स्वयंपाक करायला बंदी असते, वायरिंग तपासून घेतलेलं असतं. थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात थंडाव्याची सोय नसेल तर पातळ भिंतींची केबिन राहण्याजोगी नसते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि रुंद दार पहिल्या दिवसापासून हवं.

एखादी वस्ती नीट चालली आहे हे कसं ओळखायचं?

केबिनला दिलेल्या रंगावरून किंवा फोटोंवरून नाही. चालवणाऱ्या संस्थेला विचारा: गेल्या वर्षी किती जण बाहेर पडले आणि कुठे गेले? पक्क्या घरात, नातेवाइकांकडे, इस्पितळात, तुरुंगात, की ठावठिकाणा नाही? घरात गेलेल्यांपैकी वर्षभराने किती जण तिथेच आहेत? एका केस मॅनेजरकडे किती माणसं आहेत? माणसाला काढून टाकायचं तर ते कोण ठरवतं आणि दाद कुठे मागायची? नियम करताना रहिवाशांना विचारतात का? ‘आम्ही इतक्या जणांना निवारा दिला’ एवढंच उत्तर मिळालं, तर खरी माहिती अजून मिळालेली नाही असं समजा.

घर मिळाल्यावर वस्तीचं काम संपतं का?

पहिले काही महिने सगळ्यात नाजूक. फ्लॅटमध्ये शिरलेल्या माणसाकडे गादी नसते, तवा-पातेलं नसतं, पडदे नसतात. वस्तीत सतत माणसांचा वावर होता, इथे संध्याकाळी दार लावलं की शांतता. काही जण कितीतरी दिवस जमिनीवर झोपतात. काही जण जेवायला परत वस्तीत येतात. चांगल्या संस्था त्यांना येऊ देतात आणि पुढचं निदान वर्षभर घरी जाऊन भेटत राहतात: भाडं भरलं का, वीजबिलाचं पत्र उघडलं का, शेजाऱ्याशी खटका उडाला असेल तर घरमालकाने नोटीस काढण्याआधी मध्ये कोण पडणार.

हातभार लावायची इच्छा असेल तर जुने कपडे देण्याआधी जवळच्या संस्थेला फोन करून या टप्प्याबद्दल विचारा. नवी गादी, भांड्यांचा एक संच, सामान हलवायला एक दिवस गाडी, यांची गरज जवळपास कायम असते. आणि तुमच्या मालकीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर व्हाउचर घेऊन आलेल्या माणसाला तो दाखवा. कित्येक केबिन केवळ असा मालक मिळत नाही म्हणून अडून राहिलेल्या असतात.